दोनशे वाकड्या रेघा

बजाजनगरात लेझर मशीनवर प्लायवूड कापून देणारे एक काका होते. कुठलीही वस्तू हातात आली, की ती सरळ आहे की नाही हे ते एक डोळा मिटून बघायचे. चहाचा कपसुद्धा त्यातून सुटायचा नाही.

माझा उद्योग नेमका उलटा. मी असा प्रोग्राम लिहिते, की कम्प्युटर आपल्या मनानं दोनशे रेघा काढतो आणि प्रत्येक रेघ वेगळीच वाकते. प्रदर्शन दोन दिवसांवर आलं होतं, म्हणून तसं एक चित्र त्यांच्याकडे कापायला दिलं.

दुपारी गेले, तर काका घामाघूम, पण खुशीत. "ताई, तुमची फाईल लई बिघडली व्हती. एकेक रेघ बसून सरळ केली."

प्लायवूडवर दोनशे रेघा शाळेच्या वहीसारख्या आखलेल्या होत्या!

मी कपाळाला हात लावला. मग त्या मुद्दाम वाकड्या आहेत, यालाच कला म्हणतात, वगैरे बरंच समजावलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वाकडं तर आपलं आपण व्हतं, ताई. त्याला कम्प्युटर कशाला पायजे?"

मी फाईल जशी आहे तशीच पुन्हा कापायला सांगितली.

दुसरं प्लायवूड त्यांनी फाईलप्रमाणे जसंच्या तसं कापलं. सवयीनं डोळ्यांसमोर धरलं आणि या वेळी दोन्ही डोळे मिटून घेतले. मग पेपरात गुंडाळलं, वर दुकानाचं स्टिकर लावलं, आणि थोडा विचार करून तेच स्टिकर नखानं खरवडून काढलं.

"प्रदर्शनात लोक विचारतील, ताई," ते हळूच म्हणाले. "कुठं कापलं, तेवढं सांगू नका."