अंगठ्याचं निदान

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, लिव्हरचा बायोप्सीत काढलेला तुकडा बाटलीत घेऊन मी लॅबकडे निघालो होतो. तुटक्या शेवईएवढा असेल. हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये अण्णांना बघायला आलेले शेजारचे काका भेटले. बाटलीवरचं लेबल वाचून “लिव्हर का?” म्हणत त्यांनी अंगठा ओठांकडे नेला आणि डोळा मारला. शिसारी आली ती त्या डोळा मारण्यातल्या सलगीची. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते. आमच्या लोकांना निदानाला अंगठा पुरतो.

रिपोर्ट आला. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या अण्णांची प्रतिकारशक्तीच त्यांच्या लिव्हरवर उलटली होती. मी मुद्दाम काकांच्या घरी जाऊन सांगितलं.

“असं होय!” काका हळहळले. मग अंगठा पुन्हा ओठांकडे गेला. “पण आता सोडली ना?”