रेडिओकाकांनी एकट्याने केलेला फोन

दुकानातली गिऱ्हाइकं त्यांना रेडिओ म्हणायची, म्हणून ते घरीदारी रेडिओकाका झाले. माणूस खुर्चीत बसला, मानेभोवती कापड गुंडाळलं, की काकांचं स्टेशन लागायचं ते थेट दाढी पुसून होईपर्यंत. शेजारच्या खुर्चीवरचा भागीदार नेमका उलटा. त्याला सगळे घुम्या म्हणत. "हं" आणि "मान खाली" एवढ्या भांडवलावर त्याचा दिवस निघायचा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. भांडण व्हायला जागाच नव्हती.

मग काकांच्या मानेत नस दाबली गेली आणि खांद्यापासून बोटांपर्यंत हातांतलं बळ गेलं. ऑपरेशन झालं. खांदे सुधारले, कोपरं हलायला लागली, बोटं मात्र वळलेली ती वळलेलीच. काकू औषधं आणायला गेल्या असताना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एकदा सरळ सांगून टाकलं, "काका, यायचं तेवढं आलंय. आता कात्रीचा विचार सोडा." काकांनी हे कुणालाच सांगितलं नाही. सांगणार कसं? काकू रोज सकाळी त्यांच्या मुठीत रबरी चेंडू कोंबायच्या आणि बोट हललं न हललं तोच येईल त्याला सांगत सुटायच्या, "कालच्यापेक्षा आज बरंच आहे हो."

तिकडे घुम्या काकांची खुर्ची अडवून बसला होता. वर कापड घातलेलं, कुणाला टेकू देत नव्हता. गिऱ्हाईक ताटकळायचं, कंटाळून पुढच्या दुकानात जायचं. स्वतःचं दुकान बंद पडलेला एक कारागीर रोज काम मागत दारात उभा राहायचा, त्यालाही घुम्याचं एकच, "जागा नाही." काकांना हे सगळं घुम्याच्या बायकोकडून कळायचं. घुम्याचा फोन आला की काकू तो काकांच्या कानाशी धरायच्या आणि स्वतःचा कानही तिथेच चिकटवायच्या. मग काका काय बोलणार? "येतो रे पुढच्या महिन्यात." पलीकडून "हं." झालं बोलणं.

म्हणजे खरं बोलायचं तर फोन कुणीही धरता कामा नये. काकांनी मुलीला गाठलं. खरं कारण गिळून टाकलं. नुसतं म्हणाले, साध्या फोनसाठी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचा कंटाळा आला.

मुलगी कामाला लागली. आधी कानात घालायचं यंत्र आणलं. ते घालायला-काढायला पुन्हा माणूस लागायचाच, शिवाय काकांचा जबडा चालू झाला की ते बाहेर. मग तिने फोन स्टँडवर बसवला आणि नुसत्या आवाजावर चालेल असा करून दिला. घुम्याला फोन लाव, एवढंच म्हणायचं, असं तिने समजावलं.

काकांनी घसा खाकरला. "अगं ताई, ऐक, तसं तातडीचं काही नाही, तो असेल आत्ता कामात, सकाळची गर्दी असते, पण जमलं तर जरा आपल्या..." घुम्याचं नाव येईपर्यंत फोनमधल्या बाईने कान मिटले होते. "क्षमा करा, मला समजलं नाही," ती म्हणाली, मागच्या बाकाला दटावतात त्या आवाजात. दुसऱ्या खेपेला काका तिचीच माफी मागून बसले, इतका वेळ घेतल्याबद्दल. मुलगी तोंडावर हात धरून हसत होती. पण काकांचा इलाज नव्हता. लोकांच्या गळ्यावर वस्तरा धरून पोट भरणारा माणूस हुकूम सोडायला शिकत नाही, गोंजारायला शिकतो.

शेवटी बशीएवढं एक बटण आलं. मुलीने ते टेबलाच्या कडेला चिकटवलं. कोपराने दाबलं की फोन थेट घुम्याला.

काकू भाजी आणायला गेल्या. काकांनी कोपर टेकवलं. पलीकडे फोन उचलला गेला.

"घुम्या, मध्ये बोलू नकोस," काका म्हणाले, जणू तो कधी बोलत होता. "मी येतो येतो म्हणतो ते खोटं आहे. माझी बोटं परत येणार नाहीत. घरी सांगितलेलं नाही, तुला पहिलं सांगतोय. ती खुर्ची मोकळी कर. ज्याला दारात उभा करतोस, त्याला दे."

पलीकडे नळ टपटपत होता. कुणीतरी पेपरची घडी घातली, कुणीतरी खोकलं. काकांना एकदम आठवलं. काम चालू असताना हात साबणाने भरलेले, म्हणून ते दोघंही करंगळीने दाबून फोन स्पीकरवरच घ्यायचे. काका स्वतः जन्मभर तसेच बोलले होते. बायकोच्या एका कानाला चुकवायला गेले आणि अख्ख्या दुकानाला सांगून बसले.

"सगळ्यांनी ऐकलं," घुम्या म्हणाला. मग आयुष्यात बोलला नव्हता इतकं लांब बोलला, "तो आत्ताही दारातच आहे. खुर्ची देतो. पण माणूस तू पारखायचा, मला ते जमत नाही."

"मी इथून काय बघणार?"

"ऐक."

"माझं डोकं घ्या, काका," मागून एक गिऱ्हाईक म्हणालं. कापड झटकल्याचा आवाज आला. खुर्ची करकरली. दारातल्या त्या कारागिराची कात्री सुरू झाली, बिचकत, मग सलग. काका फोनकडे कान करून वाकले, एक शब्द न बोलता.

काकू दारात उभ्या होत्या. कधी आल्या कोण जाणे, पण चेहरा बघून काकांना कळलं की पुष्कळ आधी. त्यांनी पिशवी खाली ठेवली, फोनला हात लावला नाही, शेजारी येऊन बसल्या.

"बरा कापतो का?" त्यांनी हळूच विचारलं.

"कानामागे घाई करतो," काका म्हणाले. "पण हात हलका आहे."