बंद पाकिटाचा सल्ला

ऑफिसात वीस-बावीस वर्षं मी निविदांचं टेबल सांभाळलं. निविदा म्हणजे बंद पाकीट, वर लाखेचा ठसा, आणि ते पेटीत टाकायचं शेवटच्या दिवशी. आता सगळं कॉम्प्युटरवर गेलं, पण माझं डोकं अजून लाखेचंच आहे. जो ठेकेदार आधी तोंड उघडतो तो मरतो, एवढं एकच शहाणपण मी नोकरीत कमावलं आणि तेच मुलीला दिलं. द्यायला दुसरं काही नव्हतं.

मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मी शहापूरहून स्कूटरने भंडाऱ्याला ऑफिसात, ती एसटीने नागपूरला कॉलेजात. त्या हिवाळ्यात तिने एक नवीनच खूळ घरात आणलं. जगात काही सॉफ्टवेअरं अशी असतात म्हणे, की त्यांचा मालक कोणी नाही. कोणीही आत पाहावं, बिघडलेलं नीट करावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत अशा कामावर ते विद्यार्थी घेतात, मानधनही देतात. त्यासाठी आपण काय करणार त्याचा आराखडा अर्जासोबत द्यायचा. तिने नकाशांचं एक सॉफ्टवेअर धरलं होतं. नेट नसलं तरी फोनवर नकाशा उघडावा, ही तिची कल्पना. आजोळी गेलं की फोन नुसता वेळ पाहायच्या कामाचा उरतो, त्यातून सुचलेली.

त्यातली एक बारीकशी चूक तिने आधीच दुरुस्त केली होती आणि परदेशातल्या कोण्या माणसाने तिला धन्यवाद लिहिले होते. हे मी ऑफिसभर सांगितलं. कोणता देश विचारलं, तर दोघांना दोन वेगवेगळे सांगितले.

मुदतीला तीन आठवडे असतानाच आराखडा लिहून झाला.

"बाबा, आता हे तिथल्या चर्चेत टाकते."

"चर्चेत म्हंजे?"

"सगळ्यायसमोर. तिथले मार्गदर्शक वाचतात, चुका सांगतात, मंग आपण सुधारतो."

"दुसरे अर्ज करणारे बी पाहतीन?"

"पाहतीन न."

"मंग तुले काही समजते का? तुही कल्पना उचलून दुसरा मोकळा होईन. आपलं पाकीट शेवटच्या दिवसापर्यंत कोणाले दाखवाचं नसते."

"तिथं तसं नाही आहे, बाबा."

"सगळीकडं तसंच रायते, बाई."

आतून बायको म्हणाली, "तुमाले काय समजते जी त्यातलं? तुमचा पासवर्ड तरी तीच टाकून देते."

खरं होतं. पण मी हटलो नाही. चहाटपरीवर आपला दर बोलून बसलेल्या एका ठेकेदाराची गोष्ट मी तिला रंगवून सांगितली. गोष्ट सांगायला लागलो की मला स्वतःलाच पटत जाते, हा माझा जुना रोग. दोन दिवसांनी तिने माझं ऐकलं.

मधे तिथल्या एका मार्गदर्शकाने चर्चेत विचारलं, या विषयावर कोणी काम करून राहिलं का? तिने मला दाखवलं. "लिहू काय?"

"चूप राह," मी म्हणालो, आणि आपण किती मुरलेले आहोत या खुशीत चहा मागवला.

शेवटच्या दिवशी मी किरकोळ रजा टाकली. दुपारभर शेजारी बसलो आणि माझ्या इशाऱ्यावर तिने अर्ज पाठवला.

मे महिन्यात निकाल आला. निवड नव्हती. तिने कारण विचारलं, त्याला मार्गदर्शकाचं लांब उत्तर आलं. ते तिने मराठी करून वाचून दाखवलं. आराखडा चांगला होता, पण त्यात एक चूक होती. आधी दाखवला असता तर दहा मिनिटांत सांगितली असती. याच विषयावर दुसरी एक मुलगी महिनाभर आमच्याशी बोलत होती, तिला घेतलं. तुझं आधीचं काम आम्हाला आठवत होतं. तू कुठे होतीस?

ती माझ्याजवळ होती.

ती चिडेल म्हणून मी थांबलो. तिने लॅपटॉप बंद केला.

"बोल न काही," मी म्हणालो.

"काय बोलू. बरोबरच लिवलं त्यायनं."

"पुढच्या साली भरू. मी मधात येत नाही."

"पुढच्या साली नोकरीचं पाहा लागते, बाबा."

"मंग आता तरी तो आराखडा चर्चेत टाक."

"कोणत्या तोंडानं टाकू?"

नंतर ती त्या नकाशांकडे फिरकली नाही. जूनमध्ये एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, लिपिकाची भरती निघणार म्हणतात. पुस्तकं कोणती घेऊ?"

तिने सरकारी नोकरी करावी असं मी तिच्या लहानपणापासून बोलत आलो, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मी पुन्हा भाजी वाढून घेतली. बायको म्हणाली, "विचारून राहिली तर सांगा न."

मी दोन पुस्तकं सांगितली. त्यातल्या एकाचं नाव मलाही नक्की आठवत नव्हतं, तरी ठासून सांगितलं. तिने दोन्ही लिहून घेतली. हीच पुस्तकं काहून, म्हणून तिने एकदाही विचारलं नाही.