गुडघ्याचं क्रेप बँडेज
निलगिरी तेलाचा वास आला की आम्ही राहायचो ते, वर्ल्डकपच्या बांधकामांसाठी खणून ठेवलेलं दोहा आठवतं. "आय ॲम युवर सन," आमची मुलगी सांगायची आणि मी, घरचा वैद्य, ते कानाआड करून तिच्या दुखऱ्या पाठीला तेल लावायला धावायचो. ती हात लावू देईना. एके दुपारी तिला श्वासच पुरेना. ती स्वतःला मुलगा म्हणवते हे हॉस्पिटलात कागदावर लिहितील या धास्तीने ओळखीच्या वसईकर ऑस्टिओपॅथ, म्हणजे हाताने हाडं-सांधे मोकळे करणाऱ्या बाईंकडे नेलं. "इथे हात ठेवू का?" त्या दर वेळी विचारत होत्या. शर्टाखाली, छाती सपाट दिसावी म्हणून करकचून आवळलेलं निघालं ते माझ्या गुडघ्याचं हरवलेलं क्रेप बँडेज. त्यावरून मी घर डोक्यावर घेतलं होतं. "बाबा, डोन्ट टेक इट," तो, आमचा मुलगा, रडत म्हणाला. "बरगड्यांना हलायला जागा दे रे बाळा," बाई म्हणाल्या. अजूनही तेल हातात घेतलं की मी आधी त्याला विचारतो. तो नको म्हणाला की स्वतःचे गुडघे चोळत बसतो.