कुटाराची खेप

पैनगंगा गावात शिरली तेव्हा आम्ही शाळेच्या गच्चीवर चढलो म्हणून वाचलो. जोडीतला एक बैल वाहून गेला, दुसरा टेकाडावर बांधला होता म्हणून राहिला. पण त्याच्यासाठी साठवलेलं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा सुका भुसा, पुरात गेलं आणि रानातलं गवत गाळानं माखलं. ते खाऊन बैल ढाळायला लागला. पडलेल्या भिंतीकडे बाबांनी वळूनही पाहिलं नाही, त्यांचा सगळा जीव त्या बैलात अडकला होता.

मग मदतीचा ट्रक आला. पुढे बॅनर, मागे जुने कपडे. मी स्वतः त्यातून एक शेरवानी आणि स्नेहसंमेलनातले परीचे पंख उतरवून घेतले. शहरातल्या लोकांची कपाटंही रिकामी झाली आणि पुण्यही पदरात पडलं.

हा ट्रक डोणगाववरून यायचा. तिथं माझ्या बहिणीच्या घरी तुरीचं कुटार पोत्यांत भरून तयार होतं. आमच्याकडचे ट्रॅक्टर चिखलात रुतलेले, त्यामुळे ते आणायचं कसं एवढाच प्रश्न होता. बाबा मदत मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले.

"भाऊ, उद्या येताना डोणगावात थांबजा. पोरीच्या घरी कुटार भरून ठेवलं हाये. चार पोते टाकून आणसान काय?"

"काका, आमचा उपक्रम पूरग्रस्त कुटुंबांसाठी आहे," अध्यक्ष म्हणाले. "जनावरं त्यात बसत नाहीत."

दुसऱ्या दिवशी ट्रक आला, पुन्हा कपडेच घेऊन. तरीही थांबतील या आशेनं बहीण डोणगावात पोती रस्त्यावर मांडून हात करत उभी होती. या शहाण्यांना वाटलं, बाई मदत मागतेय. त्यांनी चालत्या ट्रकातून तिच्या अंगावर एक साडी फेकली. तिनं हे फोनवर सांगितलं तेव्हा माझा नुसता संताप झाला.

त्यानंतर अध्यक्ष फोटोग्राफर घेऊन आले. तोवर बैलानं अंग टाकलं होतं. फोटोग्राफरला टेकाडावरची ती जागा फार आवडली. मागे नदी, मध्ये बैल, पुढे साडी घेणारे बाबा.

"काका, बैलाला जरा उभं करता का?"

बाबा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते. तो हात त्यांनी काढला नाही.

"त्याले उभं करासाठीच तं कुटार मांगून राह्यलो होतो, भाऊ."

फोटोग्राफरनं मग बाबांनाच थोडं डावीकडे सरकायला सांगितलं, म्हणजे बैल फोटोत येणार नाही.