इरफानचा पहिला नंबर

कपाटात जुनी कॅसेट सापडली. डबी उघडताच प्लास्टिकचा तो वास आला आणि मी निलंगा-लातूर एसटीत जाऊन बसलो. शेजारी कॉलेजातला दोस्त इरफान, एकाच वॉकमनचा इअरफोन दोघांच्या कानांत. इंग्रजी रॉकच्या अल्बमांना आम्ही नंबर देत होतो. खिडकीच्या काचा खडखडत होत्या, गिटार करवतीसारखी चालली होती.

“ह्योच पहिला!” डोळे मिटून तो ओरडला. “लई भारी वाजून राहिलं यार!”

पुढं मेंदूज्वरात त्याचे दोन्ही कान गेले. मागच्या ईदला त्याच्या घरी मी मोबाईलवर लिहून विचारलं, “अजून तोच पहिला का?”

त्यानं वाचलं. “नाव ध्यानात हाय रे. वाजायचं कसं, तेच आठवून न्हाई राहिलं.”

मला ते सगळं तोंडपाठ आहे. त्याला कसं ऐकवू?