शेरा: माहेरी गेली

"प्री-एक्लम्प्सिया," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे गरोदरपणात रक्तदाब धोक्याइतका वाढणं. त्याचा मार मूत्रपिंडावर, मेंदूवर, बाळावरही. माझा एकशे सत्तर-एकशे दहा होता. "गेल्या महिन्यात कुणी मोजला?"

कुणीच नाही.

मी गरोदर बायांच्या तपासणीसाठी पत्रकं वाटणारी. तरी हे झालं. सासर पिशोरकडच्या खेड्यात. सातव्या महिन्यात दाब जरा चढला, तिथल्या आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेनं, आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं. त्याच आठवड्यात डोहाळजेवण झालं आणि पहिलं बाळंतपण म्हणून मी सोयगावकडं माहेरी आले. सासरच्या नोंदवहीत शेरा पडला, 'माहेरी गेली'. माहेरच्या यादीत नाव चढलंच नाही. पाच आठवडे मी कुठल्याच गावची नव्हते. तपासणीचं कार्ड सासरच्या कपाटात राहिलं. ती चूक माझी.

पाय सुजले तेव्हा आई म्हणाली, "पहिलटकरणीचे सुजतेतच. तुझ्या वक्ताला मला तुझ्या बापाच्या चपला व्हायच्या, त्याबी घट्ट!" आम्ही हसलो. मग डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले. तेव्हा कुठं संभाजीनगर गाठलं.

झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिलं. अंगातून नुसत्या वाफा. दुसऱ्या दिवशी सिझर. मुलगी, दीड किलो. तिला थेट काचेपलीकडं नेलं, श्वास मशीनवर.

चार दिवस आई बाहेरच्या बाकावर. माझ्याकडं बघेना. "मला काय ठावं होतं, बाई?" एवढंच. खरंच, तिला कुणी सांगितलं होतं? राग तिच्यावर काढू नका. पहिलं बाळंतपण पिढ्यान्‌पिढ्या माहेरी होतंय. नोंदवही आखणाऱ्यांना ते माहीत नव्हतं का? बायांनो, निघताना पिशवीत आधी कार्ड घाला, साड्या मागून. पोचल्या दिवशी दाब मोजून घ्या.

पाचव्या दिवशी श्वासाची नळी निघाली. पोरगी रडली, बारीक, चिडून. आईनं पदर तोंडात कोंबला.

तीन आठवड्यांनी घरी सोडताना सिस्टरनं विचारलं, "गाव कोणतं लिहू? सासर का माहेर?"

"दोन्ही. आणि दोघी आशाताईंना आत्ता फोन लावा, माझ्यासमोर."

त्यांनी दोन्ही फोन एकत्र जोडले. स्पीकरवर सासरच्या ताई म्हणाल्या, "वजन किती भरलं?" "एक किलो नऊशे," सिस्टर म्हणाल्या. माहेरच्या ताई म्हणाल्या, " मंगळवारी मी मोजते, तुम्हाला कळवते." दोघी एकमेकींशी पहिल्यांदाच बोलत होत्या.